पहिल्या पसंतीचा प्रश्न

जुलैतल्या एका संध्याकाळी एक वडील आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाला अभियांत्रिकीच्या सीईटीला ९१ पर्सेंटाइल. ऑप्शन फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. फॉर्म त्यांनी ई-सेवा केंद्रावर भरून घेतला होता. प्रिंट माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सर, एकदा नजर टाका फक्त." पहिल्या क्रमांकावर जिल्ह्याच्या गावातलं एक खासगी कॉलेज होतं, गेल्या वर्षी ८२ पर्सेंटाइलला मिळालेलं. मुलाच्या मनात होतं ते पुण्याचं कॉलेज अकराव्या क्रमांकावर. असं का, म्हणून विचारलं तर मुलगा म्हणाला, "तिथले दादा बोलले, आधी मिळणारं टाका, नाहीतर काहीच हाती लागणार नाही."

तो फॉर्म तसाच गेला असता, तर पहिल्याच फेरीत जिल्ह्याच्या गावचं कॉलेज लागलं असतं आणि पहिली पसंती मिळाली म्हणून जागा तिथेच गोठली असती. पुण्याचं दार त्या मुलाने स्वतःच्या हाताने लावून घेतलं असतं, तेही ते मिळण्याची शक्यता शिल्लक असताना. आम्ही रात्री साडेदहापर्यंत बसून यादी उलटी केली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि गेली कित्येक वर्षं जून ते ऑगस्ट माझा बराचसा वेळ या कामात जातो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की पटली आहे. गुण कमी पडल्यामुळे मागे राहिलेली मुलं दिसतात, त्यांच्याबद्दल बोललं जातं. गुण असूनही यादीचा क्रम चुकला, एखादा दाखला वेळेत आला नाही, कोट्याचा अर्थ कळला नाही म्हणून मागे राहिलेली मुलं मात्र कुठेच मोजली जात नाहीत. ज्या घरात कोणीतरी आधी इंजिनीअर किंवा डॉक्टर झालं आहे, तिथे या गोष्टी जेवताना बोलता बोलता कळतात. ज्या घरातलं मूल पहिल्यांदाच कॉलेजात चाललं आहे, तिथे त्या कोणाला विचारायच्या हेही माहीत नसतं.

ही गुंतागुंत का झाली हे समजून घेतलं तर तिचा धसका थोडा कमी होतो. १९८३ पर्यंत महाराष्ट्रात अभियांत्रिकी म्हणजे मोजकी नावं होती: पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावतीची सरकारी कॉलेजं, नागपूरचं तेव्हाचं व्हीआरसीई. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्रच पालटलं. साखर कारखान्यांच्या परिसरात, तालुक्याच्या गावात इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. शेतकऱ्याचा मुलगा इंजिनीअर होऊ लागला तो त्यामुळेच, आणि डोनेशन हा शब्द घराघरात गेला तोही त्यामुळेच. कॅपिटेशन फी घेण्याला बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८७ चा. पुढे १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल, २००२ चा टी. एम. ए. पै निकाल, २००५ चा इनामदार निकाल, जो महाराष्ट्रातूनच गेला होता. खासगी संस्थेला किती मोकळीक आणि सरकारचा हात किती, याची रेघ सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा आखली गेली. आज खासगी व्यावसायिक कॉलेजांचे प्रवेश आणि शुल्क राज्याच्या २०१५ च्या कायद्याने चालतात. सीईटी सेल, प्रवेश नियामक प्राधिकरण, शुल्क नियामक प्राधिकरण ही नावं या कायद्याच्या भोवतालची आहेत. म्हणजे कॅप राउंड (केंद्रीभूत प्रवेश फेरी) नावाची ही क्लिष्ट गोष्ट मुळात डोनेशनच्या जागी गुणवत्ता यावी म्हणून आली. ती कटकटीची वाटली तरी सामान्य घरातल्या मुलाची बाजू तीच घेते, हे विसरून चालणार नाही.

अकरावीचं तसंच. राज्य मंडळ, आयसीएसई आणि सीबीएसईचे गुण एका तराजूत कसे तोलायचे यावरून मुंबईत तीन वर्षं रणकंदन झालं. २००८ चं पर्सेंटाइल सूत्र आणि २००९ चं ९०:१० कोर्टात टिकलं नाही. २०१० चं बेस्ट फाइव्ह उच्च न्यायालयात पडलं आणि सर्वोच्च न्यायालयात तरलं. आधी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरी पट्ट्यांपुरती असलेली ऑनलाइन अकरावी २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाली. पसंती दहापर्यंत देता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. खेड्यातल्या पालकांना हे नवीन आहे. शेजारच्या गावचं कॉलेज आपलंच, तिथे कधीही जाऊन नाव घालू, असं ते अजून धरून चालतात.

आता पर्सेंटाइल. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा-सात पालकांना ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के वाटतात. तुमच्या मुलापेक्षा कमी किंवा तेवढेच गुण असलेली मुलं शेकडा किती, एवढंच तो आकडा सांगतो. सीईटीच्या पीसीएम गटाला अलीकडे चार लाखांच्या पुढे मुलं बसतात. तेव्हा ९१ म्हणजे छत्तीस हजारांच्या वर मुलं पुढे, ९९ म्हणजे चार हजारांच्या आसपास. ऐकून छातीत धस्स होतं. पण दुसरा आकडा शेजारी ठेवा: राज्यातल्या अभियांत्रिकीच्या जागाच आता दोन लाखांच्या घरात आहेत. जागा मिळणार की नाही, हा प्रश्न बहुतेकांपुढे उरलेलाच नाही. कोणती जागा आणि किती पैशात, एवढाच खरा प्रश्न आहे. त्यामुळे भीतीपोटी घेतलेला निर्णय जवळपास नेहमीच चुकतो.

ऑप्शन फॉर्मचं यंत्र कसं चालतं ते एकदा नीट पाहू. संगणक गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा घेतो, त्याची यादी वरून खाली वाचत जातो आणि जिथे पहिल्यांदा मोकळी जागा दिसेल ती त्याला देतो. मग दुसरा मुलगा, मग तिसरा. तुमचा नंबर येईल तेव्हा तुमची पहिली पसंती भरलेली असेल, तर तो दुसरी पाहतो, ती भरलेली असेल तर तिसरी. वर अशक्य वाटणारं कॉलेज लिहिल्यामुळे खालच्या कॉलेजावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. अकरावं कॉलेज अकराव्या क्रमांकावर असलं काय आणि पहिल्या क्रमांकावर असलं काय, ते मिळण्यासाठी लागणारे गुण तेच. म्हणून यादीचा एकच नियम: जे सगळ्यांत जास्त हवं ते वर, त्याहून थोडं कमी हवं ते त्याच्या खाली. कटऑफ पाहायचा तो यादी पुरेशी खालपर्यंत पोचली आहे का हे तपासायला. क्रम लावायला नाही.

याला एक धार आहे. पहिली पसंती लागली की पर्याय संपतो. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशांत फेऱ्या तिनाच्या चार झाल्या आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही लागलं तर तेही बंधनकारक झालं. तेव्हा वरच्या सहा ओळी म्हणजे मुलाने दिलेला शब्दच. शेजारची मुलगी गेली म्हणून, काकांनी सुचवलं म्हणून तिथे काही लिहायचं नाही. दरवर्षी या नियमांत काहीतरी बदलतं, तेव्हा त्या वर्षीची माहिती पुस्तिका मुलाने स्वतः वाचली पाहिजे. पानं बरीच असतील, पण दोन वर्षं भौतिकशास्त्र वाचलेल्या मुलाला ती जड नाहीत.

कटऑफच्या पीडीएफमध्ये जीओपनएच, एलओपनएस असली अक्षरं असतात. तीही सोपी आहेत: सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा, मधे प्रवर्ग, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरची, एस म्हणजे राज्य पातळीवरची. होम युनिव्हर्सिटीचा मुद्दा फार कमी घरांत दोन वर्षं आधी बोलला जातो. राज्यात शिकलेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून केली यावरून. धुळ्याच्या मुलाने अकरावी-बारावीला लातूर गाठलं, तर इंजिनिअरिंगच्या यादीत तो लातूरच्या बाजूचा होतो. कोणाला याचा फायदा होईल, कोणाला तोटा; पण अकरावीला गाव बदलताना हे माहीत असावं.

आता कागद. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मन सगळ्यांत जास्त तुटतं ते इथे. दोन वर्षांपूर्वी इतर मागासवर्गातली एक मुलगी आमच्याकडे होती. गुण उत्तम, जात प्रमाणपत्र होतं, जात वैधता नव्हती. अर्ज केल्याची पावती लावून तिचा प्रवेश धरला गेला आणि मुदत संपेपर्यंत मूळ प्रमाणपत्र हाती आलं नाही. ती खुल्या प्रवर्गात गेली, हातातली जागा गेली, आणि शेवटी मिळालं ते घरापासून दोनशे किलोमीटरवरचं, दुप्पट फीचं कॉलेज. तिचं काय चुकलं होतं? कोणीच तिला अकरावीत सांगितलं नव्हतं.

वैधतेसाठी जुने पुरावे लागतात: अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक, एखादं खरेदीखत. या नोंदी कधी मोडीत असतात, कधी आजोबा दोनच इयत्ता शिकलेले असतात आणि ती शाळा दुसऱ्या तालुक्यात असते. त्या शोधायला महिने लागतात. निकाल लागल्यावर सुरू केलेलं हे काम वेळेत होत नाही. अकरावीच्या दिवाळीत सुरू केलं, तर बारावीच्या परीक्षेआधी हातात पडतं. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाला वैधता मिळालेली असेल, तर वाट बरीच सोपी होते, म्हणून आधी चुलत्यांकडे विचारा. एकदा मिळालेली वैधता आयुष्यभराची असते आणि धाकट्या भावंडांनाही तिचा आधार होतो.

नॉन-क्रीमी लेयरचं दुखणं वेगळं: ते असतं, पण मुदत संपलेली असते. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या, म्हणजे प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असावं लागतं. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला त्या त्या वर्षीचा हवा. शिवाय केंद्राच्या संस्थांसाठी, म्हणजे आयआयटी, नागपूरचं व्हीएनआयटी किंवा नीटचा अखिल भारतीय कोटा, इतर मागासवर्गाचे आणि आर्थिक दुर्बल घटकाचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात, राज्याचा नमुना तिथे चालत नाही. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही केंद्राच्या यादीत नाही. ज्याला दोन्ही दारं ठोठावायची आहेत त्याने दोन्ही नमुने काढून ठेवावेत. आणि हे सारं करताना मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि जातीच्या दाखल्यावर एकसारखं आहे का, हे पाहायलाच हवं. एका वेलांटीसाठी प्रतिज्ञापत्र करायला धावणारे वडील मी दर जुलैत पाहतो.

पैशाबद्दल लोक उघड बोलत नाहीत, म्हणून नुकसान सोसतात. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याहून जास्त कोणी 'विकास निधी' वगैरे नावाने मागत असेल, तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बरेचदा सूर बदलतो. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग परत मिळतो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार आहे. हे सगळं महाडीबीटीवर किंवा त्या त्या विभागाकडे वेळेत अर्ज केला तरच.

यातली कळीची गोष्ट अशी: शिक्षण शुल्काच्या या सवलती कॅपमधून आलेल्यांसाठी आहेत. संस्था पातळीवरच्या, म्हणजे ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या जागेवर गेलात, की त्या बहुतेक हातच्या जातात. जून महिन्यात कॉलेजचा माणूस फोन करून म्हणतो, "आत्ता पन्नास हजार भरून सीट पक्की करा, नंतर मिळणार नाही." घाबरलेले वडील भरतात. तीच सीट किंवा त्याहून चांगली कॅपमध्ये ऑगस्टात, सवलतीसह मिळाली असती, असं नंतर कळतं.

आणखी एक दार फार थोड्यांना ठाऊक असतं. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, मंजूर जागांच्या वर पाच टक्के. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर प्रवर्ग कोणताही चालतो. पण ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो वेगळा भरला नाही तर त्या जागेसाठी तुमचा विचारच होत नाही. कटऑफ चढा असतो, पण वर लिहायला काहीच लागत नाही, हे आपण पाहिलंच.

ब्रँच की कॉलेज, हा वाद दर घरात होतो. माझं मत स्पष्ट सांगतो. एआयसीटीईने २०२४-२५ पासून शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या जागा भराभर वाढल्या. जागा वाढवणं सोपं असतं, शिकवणारी माणसं इतक्या वेगाने तयार होत नाहीत. तेव्हा नव्यानेच सुरू झालेल्या कॉलेजातल्या एआयपेक्षा जुन्या, शिक्षक टिकून असलेल्या कॉलेजातलं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल मला बरं वाटतं, मुलाला त्या विषयाचं वावडं नसेल तर. कॉलेज पाहायला जा. प्लेसमेंटचा फलक पाहू नका, त्यावर सगळ्यांत मोठा पगार लिहिलेला असतो, मधल्या मुलाचा नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा आणि विचारा: प्रॅक्टिकल खरंच होतात का, या वर्षी किती शिक्षक सोडून गेले. एनबीएचं मानांकन शाखेला असतं, नॅकचं संस्थेला, हा फरकही लक्षात असू द्या.

अकरावी-बारावीच्या 'इंटिग्रेटेड'बद्दल बोलताना मला राग आवरत नाही. कॉलेज कागदावर, मूल क्लासमध्ये. सीईटीच्या २०० गुणांपैकी साधारण २० टक्के भार अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. उणे गुण नाहीत. राज्य मंडळाचं पुस्तक नीट वाचलेल्या मुलाला ही परीक्षा परकी नाही. जेईई आणि नीटसाठी मेहनत वेगळी लागते, हे खरं. पण त्यासाठी पंधरा वर्षांच्या मुलाची प्रयोगशाळा, मित्र, संध्याकाळ सगळं काढून घेऊन दोन वर्षं एका खोलीत कोंडायचं, आणि त्यासाठी घरची जमीन गहाण टाकायची, याचा हिशेब कोणत्याही पर्सेंटाइलने भरून निघत नाही. बारावीकडे पाठ फिरवणं तर धोक्याचंच: अभियांत्रिकीला पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के बारावीच्या ठरलेल्या विषयांत मिळून लागतात.

बाकीच्या वाटांना प्रवेशाच्या मोसमात कोणी वाली नसतो. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, आणि कार्यशाळेत हात काळे केलेली ती मुलं पुढे बरेचदा उजवी ठरतात. पाच वर्षांच्या विधीसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. बीबीए-बीसीएला २०२४ पासून सीईटी आली, आणि ते न कळल्यामुळे त्या वर्षी बरीच मुलं फॉर्मच भरू शकली नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी तीन किंवा चार वर्षांची झाली, तिच्यात मेजर-मायनर आले. मराठी, इतिहास, भूगोल मनापासून घेऊ पाहणाऱ्या मुलाला 'मार्क असून आर्ट्स?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांना घरच्यांनीच गप्प करायला हवं, मुलाने नाही.

घरच्यांनी आणखी काय करावं? लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल घरातच ठेवावा, ई-सेवा केंद्राचा नंबर नोंदवू नये. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की त्याच दिवशी नाव, प्रवर्ग, गुण तपासावेत, हरकतीला दोन-तीन दिवसच असतात. कोणत्याही कॉलेजात मूळ कागद देताना पोच घ्यावी आणि प्रवेश रद्द केल्यावर ते अडवून धरले, तर लेखी तक्रार करावी, कारण मूळ प्रमाणपत्रं अडवण्याचा हक्क कोणत्याही संस्थेला नाही. फॉर्म मुलाने भरावा, वडिलांनी शेजारी बसावं. आणि यादी लागायच्या रात्री आईने त्याला लवकर झोपू द्यावं.

त्या ९१ पर्सेंटाइलवाल्या मुलाला पहिल्या फेरीत चौथी पसंती लागली. त्याने ती न गोठवता हजार रुपये भरून धरून ठेवली. तिसऱ्या फेरीत पुण्याचं कॉलेज लागलं, इलेक्ट्रॉनिक्सला. ऑगस्टात वडील पेढे घेऊन आले. बसल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळा पडलेला कागद काढला. त्यांच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, १९५८ चा. धाकटी नववीत आहे, म्हणाले. हा चालेल का तिच्या व्हॅलिडिटीला?